शालननं हात धरला तेव्हा

शालन गेल्याचं नंदानं फोनवर सांगितलं. नंदा माझी मुलगी, सांगलीला असते. पूजा आटपून मी नुकती चहाला बसले होते. "आई, शालनमावशी गेल्या गं," एवढंच ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, "वय झालं होतं, सुटली बिचारी." असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. मनात मात्र भलतंच आलं होतं... माझी पोर माझ्यासाठी इतकी रडेल का? या गोष्टीला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात. मीही लिहिणार आहे, कारण ती चांगलीच होती. पण पन्नास वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि ते वगळून लिहिलं तर हा लेख दुसऱ्याच कुणाचा तरी होईल.

आमचं गाव उंब्रजपासून चार मैल आत. जत्रेला गावातली हौशी मंडळी दरवर्षी तीन अंकी सामाजिक नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावातलेच पुरुष करायचे, कुणी शेतकरी, कुणी सुट्टीवर आलेला फौजी. बाईच्या कामाला मात्र बाहेरून नटी आणायची. घरच्या बाईनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे भलतंच! सांगली-मिरजेकडं तेव्हा अशा बऱ्याच बाया होत्या. दहा-बारा नाटकं त्यांना तोंडपाठ. जत्रांच्या दिवसांत आज या गावात, उद्या त्या गावात. दुपारी एसटीनं उतरायचं, संध्याकाळी एकच तालीम, रात्री नाटक, आणि सकाळी पुढचं गाव. शालन त्यांतलीच एक, सांगलीची. हँडबिलावर तिचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली नायक म्हणून आमच्या मास्तरांचं. मास्तर म्हणजे माझे यजमान. गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांनाही जाऊन आता नऊ वर्षं झाली. बहात्तरच्या दुष्काळात जत्रेचं नाटक बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू झालं त्या वर्षी शालन पहिल्यांदा आली आणि मास्तरांचं घर त्यातल्या त्यात सोयीचं म्हणून आमच्याकडं उतरली.

त्याआधी दोन महिने घरात मास्तरांचं पाठांतर चाललं होतं. मी चुलीपुढं भाकरी थापत असायची, परातीशेजारी पुस्तक उघडं. नायिकेची वाक्यं मी म्हणायची आणि पुढचं मास्तर म्हणायचे. ते अडकले की माझ्याकडं बघायचे, मी वाक्य द्यायची, गाडी पुढं जायची. पिठाच्या बोटांनी पानं उलटून उलटून पुस्तक फुगून गेलं होतं. होळीपर्यंत नायिकेची अख्खी भूमिका मला पाठ झाली. नुसती पाठ नव्हे, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं नुसतंच बघायचं, हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. कुणासाठी ठरवत होते, कोण जाणे. आणि मग जत्रेच्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन ही बाई दारात उभी राहिली. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "वैनी, सवत आली बगा तुमची! जरा चांगलंचुंगलं करून घाला." मी हसले. दिसायला ती काही खास नव्हती. सावळी, ठेंगणी, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. हे मी पहिल्या पाच मिनिटांतच बघून घेतलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. रात्री ती स्टेजवर आली आणि ते बरं वाटणं संपलं. माझी वाक्यं ती बोलत होती. मी जिथं थांबायचं ठरवलं होतं तिथं ती थांबलीच नाही, दुसरीकडंच थांबली, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी बरोबर होतं. बायका-पुरुषांमधल्या दोरीच्या अलीकडं, बायकांच्या बाजूला, पोत्यावर बसून मी ओठ हलवत होते. मास्तर तिला "राणी" म्हणाले, तिचा हात हातात घेऊन चांदण्याबद्दल बोलले. घरी मला "अगं ए" याखेरीज हाक नव्हती. नवऱ्याचा हात तिच्या हातात गेला याचं मला फारसं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. ती तिथं वर उभी होती आणि मी खाली बसले होते, त्यानंच माझ्या पोटात दुखत होतं.

तिसऱ्या अंकात नायक बायकोवर संशय घेतो आणि तिच्या कानफटात मारतो. ती कोसळते, त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, तुमच्या हातचा मार हाच माझा प्रसाद. मग त्याला पश्चात्ताप होतो आणि पडदा पडतो. लिहिणाऱ्यानं फार थोर काही सांगितल्याच्या थाटात हे लिहिलं होतं. मास्तरांनी मारलं ते खरंच मारलं. आवाज पार शेवटच्या माणसापर्यंत गेला. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या आणि शिट्ट्या. सकाळी चुलीपाशी बसून शालन फडक्यात मीठ गरम करून गाल शेकत होती. मी चहा ओतत होते. ती हळूच म्हणाली, "वैनी, मास्तरांचा हात सवयीचा हाय."

मी गाळणं चुलीच्या कडेला झटकलं.

"लय गावांतनं मार खाल्लाय म्या. नवखा मानूस मारताना डोळं मिटतोय. ह्यांनी मिटलं न्हाईत."

मी कप तिच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, "चहा घ्या, निवेल." मास्तर माझ्यावर हात टाकायचे. रोज नाही, पण टाकायचे. माहेरी माझ्या सख्ख्या आईला आठ वर्षांत जे कळलं नव्हतं ते या परक्या बाईनं एका रात्रीत गालावर ओळखलं होतं. तिचा मला राग आला. मास्तरांचा यायला हवा होता... पण तिचा आला.

पुढच्या जत्रेला आणि त्यानंतरही लोकांनी तेच नाटक मागितलं. दुसऱ्या वर्षी तिनं तालमीतच मास्तरांना नीट समजावलं. हात गालाजवळून न्यायचा, लावायचा नाही. मान ती वळवणार, टाळीचा आवाज तीच आपल्या हातानं काढणार, लोकांना खरंच वाटतं. मास्तरांनी मान डोलावली. रात्री पुन्हा सणसणीत ठेवून दिली. सकाळी पुन्हा मिठाचं फडकं. "असंच हाय वैनी सगळीकडं," ती म्हणाली. "तालमीत व्हय व्हय म्हनत्यात, स्टेजवर टाळी पडायची म्हनून मारत्यात. लिवणारा बाप्या, बसवणारा बाप्या, टाळी वाजवणारा बाप्या. गाल तेवढा माझा." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमाला समदं पाठ हाय. काल सैपाकघरात तुमी म्हनत हुता ते ऐकलं मी. माझ्यापरास बरं म्हनता." तेवढ्यात मास्तर आत आले. त्यांच्या तोंडावर ती म्हणाली, "आवं मास्तर, म्होरल्या साली वैनींनाच घ्या की नाटकात. माझं काय काम?" मास्तर हसत सुटले. "घरची बाई स्टेजवर? गाव तोंडात शेण घालेल आमच्या." आणि मी, जिला दोन वर्षं अख्खी भूमिका पाठ होती ती मी, लगबगीनं म्हणाले, "नको गं बाई, मला नाही जमायचं असलं!" शालन माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्याचाही राग मी वर्षभर सांभाळून ठेवला.

तिसऱ्या वर्षी जे झालं ते आमच्या भागात अजून जुन्या बायका सांगतात. तिसरा अंक आला. मास्तरांनी हात उचलला. शालननं तो वरच्यावर मनगटाशी धरला. धरला तो सोडला नाही. आणि ती जी एरवी पुस्तकातलं शुद्ध बोलायची, ती तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "बास. हितनं म्होरं न्हाई." सगळं चिडीचूप झालं. विंगेतला प्रॉम्प्टर पुस्तकाची पानं उलटत बसला, पुस्तकात हे नव्हतंच. मास्तरांचं पाठांतर एवढं चोख, पण त्यांना पुढचं वाक्य आठवेना. मनगट तिच्या हातात, आणि त्यांनी खाली बघितलं. बायकांच्या बाजूला. माझ्याकडं. घरी अडकल्यावर बघायचे अगदी तसं. पुढचं वाक्य मला येत होतं. "चालती हो माझ्या घरातून." ओठांवर आलं होतं, नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. मी ओठ मिटून घेतले. ते बघत राहिले आणि मी त्यांच्याकडं बघत राहिले... किती वेळ ते सांगता येणार नाही. मग शालननंच हात सोडला, पदर सारखा केला आणि विंगेत निघून गेली. पडदावाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पडदा ओढून टाकला. माझ्या शेजारची म्हातारी ओरडली, "बरं क्येलंस बाई!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात बायकांना टाळ्या वाजवताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी वाजवल्या नाहीत. माझे हात मांडीवरून उठलेच नाहीत.

सकाळी ती मिळेल त्या गाडीनं निघाली. नाटकाचा बट्ट्याबोळ केला म्हणून मंडळी तिच्यावर खवळली होती, बस स्टँडवर सोडायलाही कुणी गेलं नाही. जाताना दारात थांबून माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, मिरवतेय. पुढच्या वर्षी मिरजेची दुसरी नटी आली, तिनं निमूट मार खाल्ला. शालन डोईजड आहे असं गावोगाव झालं आणि तिची बोलावणी कमी होत गेली. तासगावकडं द्राक्षाच्या बागेत कामाला जाते असं कानावर आलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण वाटलं होतं. गावात बायकांच्या तोंडी तिचंच नाव. पाणवठ्यावर, शेतात भांगलणीला, हळदीकुंकवाला, "तिनं कसा हात धरला!" आणि घरात? पुढं एकदा भाजीवरून मास्तरांनी हात उचलला, तो हवेतच राहिला. आपल्या मनगटाकडं बघितलं, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर कधी नाही. मी सुटले म्हणा. पण सुटल्याचा आनंदसुद्धा मला धड झाला नाही. माझ्या घरात माझ्या नवऱ्याचा हात धरायचा होता तो मी. तो तिनं धरला, तोही सांगलीत बसून.

नंदा शिकायला सांगलीला गेली तेव्हा शालन कॉलेजातल्या मुलींच्या एकांकिका बसवायला मदत करायची. सुट्टीत घरी आलेल्या पोरीच्या तोंडी दुसरं काही नसायचं. शालनमावशी म्हणतात, सिनेमात बाई रडते तेव्हा कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे ते बघ. शालनमावशी म्हणतात, मार खाणाऱ्या बाईला पुढचं वाक्य कोण देतं ते बघ. मी म्हणायची, "तुझ्या शालनमावशीला म्हणावं, भाकरी करायला शिकव आधी." आता टीव्हीवर मालिकेत कानफटात बसली की तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, ढोल वाजवून दाखवतात. मी बघते. बघता बघता पुटपुटते, "हितनं म्होरं न्हाई." नातवंडं हसतात. वाक्य तिचं आहे हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर नंदा मला शालनच्या खोलीवर घेऊन गेली. नदीकडच्या बाजूला एका चाळीतली खोली, कॉट, खुर्ची आणि भिंतीवर कसलाही फोटो नाही. तिच्या भाचीनं माझ्यापुढं एक जाड वही ठेवली. "मावशीची कामाची वही हाय. तुमचं गाव बी हाय हिच्यात." गावागणिक शालननं लिहून ठेवलं होतं, पुढल्या खेपेला आपल्याला ठाऊक असावं म्हणून. स्टेजला कुठल्या बाजूनं पायरी आहे, नायक कोण आहे, त्याचा हात कसा आहे. चौथी शिकलेलीचं गोल गोल अक्षर. एकाखाली लिहिलं होतं, पिऊन येतो, लांब उभं राहायचं. एकाखाली, फौजी हाय, हात हलका, मान देतो. मी आमचं गाव शोधलं. खरं सांगायचं तर मी माझं नाव शोधत होते. पहिल्या वर्षाखाली होतं: मास्तर. पाठांतर चोख. हात सवयीचा. दुसऱ्याखाली: सांगूनबी मारलं. आणि तिसऱ्याखाली, जरा मोठ्या अक्षरात: हात धरला. मास्तर वाक्य इसरलं, वैनीकडं बघितलं. वैनीला येत हुतं. दिलं न्हाई.

मी वही मिटली. भाचीनं चहा केला होता तो घेतला, साखर जास्त होती. "न्या की तुमी, तुमालाच हुईल," ती म्हणाली, म्हणून वही घरी आणली. गेले पंधरा दिवस ती माझ्या उशाशी आहे आणि तेवढं एकच पान मी उघडते. उभ्या आयुष्यात मी ती एकच गोष्ट केली. ना मास्तरांना सांगितली, ना नंदाला, माझी म्हणून एकटीनं जपून ठेवली... आणि तीसुद्धा या बाईनं माझ्याआधी लिहून ठेवली होती.