पॅरिस ते रोम, विमानाने

शेजारी कुणी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, की त्या धुरात मला ताईचा फुटलेला ओठ दिसतो.

ताईचं लग्न ठरलं होतं. माझ्या भूगोलाच्या होमवर्कसाठी तिने मोबाइलवर पॅरिस ते रोम अंतर आणि विमानाचा वेळ शोधला. दादाने ते पाहिलं आणि चुलीजवळची पऱ्हाटी उचलली.

"कोनासंग पळून राह्यली वं?"

पहिला फटका तोंडावर बसला. पाठीवर काडी मोडली, तशी त्याने दुसरी घेतली.

"दादा, माहा होमवर्क हाये थो!" मी ओरडले. तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

ताईने ओढणीने रक्त पुसलं. "लिही. अकराशे किलोमीटर. दोन तास."

मी लिहिलं. सांगताना ती माझ्याकडे नाही, दादाकडे बघत होती. ती मला उत्तर सांगत नव्हती, त्याला सुनावत होती, हे मला आता कळतं.