कूलरसमोरचे आबा

जळगावातला मे महिना. शेजारचे आबा रोज दुपारी आमच्या कूलरसमोर खुर्ची ओढतात आणि कूलरनं पोरं कशी बिघडतात, हे आम्हालाच ऐकवतात. "घामशिवाय मानूस घडस नही!" वर कूलरमधलं पाणी संपत आलं, तर तेही तेच सांगतात.

परवा माझं डोकंच फिरलं. मुलगी तिथंच अभ्यास करत होती. मी कूलर बंद केला. म्हटलं, "घडू दे हिलाही."

 आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, बटण दाबलं आणि कूलरचं तोंड मुलीकडे वळवलं.

"मना पोरे घाम गाळीसन घडनात," ते म्हणाले. "पन सुट्टीमा बी कोनी घर येस नही."

आज पुन्हा तेच पुराण सुरू आहे. फक्त खुर्ची वाऱ्याबाहेर ठेवलीय. आता मला धड चिडताही येत नाही.