पहिल्या मजल्यावरचं पडवळ

भेंडीला पहिलं फूल आलं त्या दिवशी मी हातातलं काम सोडून ऑफिसभर त्याचा फोटो दाखवत फिरलो. साहेबांनाही दाखवला. ते म्हणाले, "छान आहे जास्वंद," तेव्हा मला त्यांची कीव आली. पन्नाशीला टेकलेला माणूस एका भेंडीपायी इतका चेकाळू शकतो हे मलाही नवीनच होतं.

या सगळ्याचं मूळ आई. ऋषिपंचमीला, म्हणजे गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. माणसाने हातांनी लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं तेवढं घ्यायचं आणि सगळ्या भाज्या एका टोपात शिजवायच्या, तीच ऋषीची भाजी. गावच्या घरी ती परसातून खुडून आणायची. गुडघे गेल्यापासून तिचं गणपतीला कोकणात जाणं थांबलं आणि टोपात बोरिवलीच्या बाजारातला भाज्यांचा वाटा पडू लागला. तो कोणी, कसा पिकवला, देव जाणे. मी एकदा म्हटलंही, "अगं आई, हल्ली सगळं ट्रॅक्टरवर होतं. बैल कधीच सुटला."

"तू बघूक गेल्लस?" तिने विचारलं.

दरवर्षी ऋषींना नैवेद्य दाखवताना ती हात जोडून हळूच पुटपुटायची, "यंदा चालवून घ्या." गेल्या वर्षी ते माझ्या कानावर पडलं. आयुष्यभर कोणापुढे न नमलेली माझी आई बाजारच्या भाजीपायी अशी ओशाळलेली मला बघवेना. पुढच्या ऋषिपंचमीला टोपातलं सगळं घरचं, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या खिडकीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत तीन पावलं रुंद आणि बारा पावलं लांब एवढा पट्टा आहे. "काय करायचं ते कर, डास नकोत," म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने परवानगी दिली. मे महिन्यात कुदळ मारली तर माती सोडून सगळं निघालं. अख्ख्या बिल्डिंगच्या जुन्या बाथरूमच्या लाद्या, नळाचे तुकडे, एका बाहुलीचा पाय. हात सोलून निघाले, पण मी भलताच खुशीत होतो. मग आरे कॉलनीतून शेणखताचं पोतं रिक्षात घालून आणलं. रिक्षावाल्याने बोरिवलीपर्यंत मान बाहेर काढून रिक्षा चालवली. दारात आई उभी.

"शेण म्हशीचा मां? बैलाचा नाय?"

म्हशीचंच, असं शपथेवर सांगितल्यावर पोतं पुढे सरकलं.

अळू, लाल माठ, भेंडी, चवळी, मका, भोपळा, जागा सापडेल तिथे मी काही ना काही खुपसलं. माठाचा पहिला वाफा गोगलगायींनी फस्त केला. दुसरा लावला आणि रोज ऑफिसला निघायच्या आधी, इस्त्रीचा शर्ट घालून, चिमट्याने गोगलगायी वेचत बसलो. बायको खिडकीतून म्हणायची, "संसारात एवढं लक्ष घातलं असतंस ना!"

पडवळाचा वेल मात्र पाइप धरून थेट पहिल्या मजल्यावर गेला आणि तिथल्या काकूंच्या ग्रिलवर बाहेरून पसरला. फुलं ढीगभर, पडवळ एकच. काकूही आमच्यासारख्याच कोकणातल्या. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्यांनी त्याच्या टोकाला दगड बांधला आणि रोज सकाळी वरून ओरडून लांबी सांगू लागल्या. "आज कोपरापर्यंत आलं रे!" मी खाली उड्या मारायचो.

ऋषिपंचमीच्या सकाळी बाकी सगळं खुडून झालं. पडवळ काढायला वर गेलो, तर काकूंच्या दाराला कुलूप. गणपतीला गावी! मी स्वतः कोकणातला, आणि गणपतीत कोकणातला माणूस मुंबईत सापडत नाही हे साफ विसरलो होतो. त्यांची चावी दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे असते. ते तर काकूंच्याच गाडीतून गेलेले. सोसायटीची शिडी गणपतीच्या मंडळाने सजावटीला नेलेली, ती परत आलीच नव्हती. वाट लागली.

"पडवळ बाजारातून आणू का?" मी आईला विचारलं.

आईने निवडलेल्या भाज्यांवर ताट झाकलं आणि खुर्चीत बसली. "आण," म्हणाली. "घेतीत ते चालवून."

एवढा पावसाळाभर खपून पुन्हा तेच! मला रडायलाच आलं.

तेवढ्यात बायकोला झेला आठवला. आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला पातं नि त्याखाली जाळी. बोरिवलीत आमचं एकही आंब्याचं झाड नसताना आईने तो हट्टाने गावाहून आणला होता, आणि पॅसेजमध्ये छताजवळ आडवा टांगला होता. त्यावरून मी दरवर्षी भांडायचो. आता तोच घेऊन धावलो.

मागे खुर्ची मांडून वर चढलो. झेला उजवीकडे नेला की पडवळ डावीकडे. खालचा दगड झोके घेऊ लागला. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या भरल्या. "अरे लेफ्ट, लेफ्ट घे यार!" सेक्रेटरी आपली स्कूटर हलवायला धावला. तिसऱ्या खेपेला माझाच तोल गेला आणि मी अळूत जाऊन बसलो.

"दी हकडे, मेल्या!"

आई. दोन पायऱ्या उतरायला भिंत धरणारी माझी आई अनवाणी चिखलात उभी होती. तिने झेला घेतला, एकदाच वर बघितलं, देठाला पातं लावलं आणि मनगटाने हिसका दिला. पडवळ दगडासकट जाळीत! समोरून टाळ्या पडल्या. मी अळूतूनच ओरडलो, बायको किंचाळली, सेक्रेटरीने तर चक्क "मोरया!" केलं.

"बोंबलतास कित्याक?" आई म्हणाली. "टोप चढवा."

दुपारी तिने केळीच्या पानावर भाजी वाढली आणि हात जोडले. मी मुद्दाम मागे जाऊन उभा राहिलो. या वेळी ती पुटपुटली नाही, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "यंदा पोटभर जेवा."