नावापुढची टिंबं

रुद्राणी मूळची नेसरीची, आता कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत. काम काय, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांसाठी ब्राउझरमधला स्क्रीन बनवायचा. एका दांडग्या मशीनच्या पोटात दहा-बारा आभासी मशीनं चालतात. ती सुरू करायची, थांबवायची, पुसून टाकायची, सगळं त्या स्क्रीनवरून. जुना स्क्रीन बघून तिचं डोकंच उठायचं. म्हणून तिनं तो झकास नवा केला आणि नावांचा रकाना अरुंद केला. लांब नाव आलं की शेपूट कापून पुढं टिंबं. दिसायला एक नंबर!

हाच स्क्रीन वापरून दूध संघाचे सर्व्हर सांभाळणारे इमामभाई मात्र मशीनला नाव द्यायचे ते अख्खा पत्ता लिहिल्यासारखं. 'नेसरी दूध संकलन केंद्र चालू', 'नेसरी दूध संकलन केंद्र चाचणी'. पहिल्यावर रोजच्या दुधाची नोंद, दुसरं नुसतं करून बघायचं आणि पुसायचं. नवा स्क्रीन दाखवताना रुद्राणीनं डोळ्यांनी बघितलं होतं, प्रत्येक नावावर माउस नेऊन इमामभाई पूर्ण नाव उमटायची वाट बघत होते. तिला खटकलं होतं की! पण एवढ्यासाठी सगळी मांडणी कोण मोडणार, म्हणून बाई गप्प बसली.

मग व्हायचं तेच झालं. सोमवारी सकाळच्या गडबडीत इमामभाईंनी चाचणीचं समजून चालू मशीनच पुसलं. केंद्रावर कॅन घेऊन माणसं ताटकळली, दुधाची नोंदच होईना. दुपारी बॅकअपवरून मशीन उभं राहिलं, तोवर कितीतरी जणांचं दूध नासलं होतं.

दुसऱ्या दिवशी संघातून रुद्राणीला बोलावणं आलं. व्यवस्थापक पृथ्वीराज साहेब तापलेलेच.

"ह्या इमामला आजच घरी बसवतो. मॅडम, तुमी फकस्त एवढं सांगा, स्क्रीनमधी काय खोट न्हाय न्हवं?"

"स्क्रीन चांगला हाय, साहेब," इमामभाई मान खाली घालून म्हणाले. "चूक माझीच."

'नाही' म्हटलं की रुद्राणीची सुटका. आणि खोटं कशाला बोला, तो शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. त्याचीच तिला लाज वाटली. तिनं लॅपटॉप उघडून साहेबांपुढं सरकवला. दोन नावं एकाखाली एक, हुबेहूब सारखी.

"यातलं चाचणीचं कुठलं, सांगा बघू साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि कुठल्याच नावावर बोट न ठेवता ते खुर्चीत टेकले.

"ही नावं मी कापलीत. यांना अडचण होतीय हे मला दिसलं होतं, तरी मी तसंच ठेवलं."

इमामभाईंची नोकरी वाचली. बाहेर टपरीवर चहा घेताना तिनं विचारलंच, "टिंबांचा त्रास होत होता, तर आधी बोलला का नाहीत हो?"

"बोलनारच हुतो, ताई. पर स्क्रीन दावताना तुमी किती खूश हुतासा! म्हटलं, पोरीनं हौसेनं केलंय, हुईल की आपल्याला सवय."

साहेबांनी चारचौघांत झापलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. तिच्या हातातला चहा तसाच निवून गेला.