विटकरी झालेला पिवळा मासा

खराडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यापेक्षा मोठी काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्रासारखं खारं पाणी. सून सॉफ्टवेअरमधली. कामासाठी दोन महिने परदेशी निघाली, तेव्हा टाकीतला तिचा बेडूकमासा तिनं माझ्यावर सोपवला. लग्नानंतर तिनं विश्वासानं माझ्या हाती दिलेली ही पहिलीच गोष्ट. मी तरी तिला स्वयंपाकघर कुठं देत होते म्हणा.

मासा कसला, पिवळ्याधमक स्पंजाचा गोळा. पोहायचा भारी कंटाळा. परांचे पाय करून तळावर चालायचा, नाहीतर दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखं तोंड पाडून बसायचा. कपाळावर एक बारीक काडी, तिच्या टोकाला गोंडा. तो हलवून हा लहान मासे जवळ बोलावतो आणि आले की गिळतो. आमच्याकडे त्याला चिमट्यानं आयती कोळंबी मिळायची, तरी मला बघून गोंडा हलवायचाच. मलाही गिळायचा विचार असावा.

मला एकच खुपायचं, बिचारा नुसत्या वाळूवर बसतो. आमच्या यवतमाळकडे पाट मांडल्याशिवाय पाहुण्याला वाढत नाहीत. म्हणून फुटक्या माठाचं एक खापर उकळून, गार करून टाकीत ठेवलं. स्वारी चढून बसली ती उतरेचना.

काही दिवसांनी पिवळा रंग मळकट दिसायला लागला. मग नारिंगी. सून यायच्या आठवड्यात तर पार विटकरी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मीठ-मोहरी घेऊन टाकीची दृष्ट काढली, तर मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "आई, तो मिठातच राहतो."

सून आली ती बॅग दारात टाकून थेट टाकीपाशी. काचेला नाक लावून बघत राहिली.

"अगं, खाणंपिणं सगळं वेळेवर दिलं," मी म्हटलं. "फक्त बसायला खापर दिलं."

ती खाली बसली आणि हसायलाच लागली. "आई, हा जिथं मुक्काम करतो तिथला रंग घेतो. ओळखू येऊ नये म्हणून. ठणठणीत आहे."

"मग खापर काढू?"

"राहू द्या. उठवलं तर रुसेल."

पुढच्या खेपेला ती परदेशी निघाली तेव्हा सूचना एकही दिली नाही. लिफ्टमध्ये शिरता शिरता एवढंच म्हणाली, "आई, या वेळी गुलाबी काहीतरी ठेवून बघा."