फोन वाजला कसा?

"हलो, काय झालं अम्मा? माझ्या पोरीला काय झालं?" वर्गात अदिती माझ्या वडिलांची नक्कल करत होती. ते कुठल्याही मुलीला 'अम्मा'च म्हणायचे. धापा टाकण्यासकट. मुली बाक बडवून हसत होत्या. मी दारात उभी होते.

माझा गुन्हा एवढाच, की आमचा फोन वाजला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बंगळूरच्या एका भारी कॉलेजात अकरावीला होते. वर्गातल्या मुली संध्याकाळी इंटरनेटवर चॅट रूममध्ये जमायच्या. त्यांच्या घरी कॉम्प्युटर. मी आमच्या चिकपेटच्या बाजारातल्या सायबर कॅफेत बसायचे आणि ठोकून द्यायचे, 'घरूनच बोलतेय.' टोपणनावाआड वडिलांचं शिलाई मशीन दिसत नाही, असं वाटायचं. भाबडी होते.

अदिती पुण्याहून आलेल्या इंजिनिअरची मुलगी. तिला वास लागलाच. तेव्हा घरी इंटरनेट चालू असलं की फोन एंगेज लागायचा. तिच्याकडे फोनच्या दोन लाइनी. आदल्या संध्याकाळी मी चॅटवर असतानाच तिने दुसरीवरून माझा नंबर फिरवला. रिंग गेली! तीही आमच्या घरी नाही, खालच्या साडीच्या दुकानात. तोच नंबर आम्ही सगळीकडे द्यायचो. दुकानदाराने हाक मारली. अण्णा, माझे वडील, हातातलं ब्लाउज टाकून अनवाणी धावत खाली आले.

"तुमची मुलगी कुठंय?"

"सायबरात गेली. काय झालं अम्मा?"

तिने फोन ठेवला.

"अगं, सांगायचं ना नेट नाही म्हणून," मला दारात बघून ती गोड आवाजात म्हणाली. "आम्हाला काय प्रॉब्लेम होता?"

खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटली ती अण्णांची. घरी गेले तर ते म्हणाले, "काल मैत्रिणीचा फोन कट झाला. ती बरी आहे ना?"

त्याच संध्याकाळी मी कॅफेत बसले. टोपणनाव काढलं, खरं नाव टाकलं. लिहिलं : चिकपेट. कॅफेतून. फोन खालच्या दुकानाचा. वडील शिंपी. आता तुम्ही सांगा, माझ्या बापाला अनवाणी पळवून तुम्हाला काय मिळालं?

एकेक नाव चॅटच्या यादीतून गेलं. मी शेवटपर्यंत बसून राहिले.

पुढे अदितीने माफी मागितली. त्याच गोड आवाजात. मी दिली नाही. आजही कुणी गोड हसून "तू कुठली गं?" विचारलं, की मी पत्ता सांगते, गल्लीसकट. आणि लगेच विचारते, "कशाला हवाय?"