पेन कुणाचं चालतंय?

"जादा वेळ मला न्हाई सर, काकूंना मिळतोय. मी तर कवाच बोलून मोकळी," असं म्हणून ती बाकावर टिचकी मारायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. म्हणून परीक्षेला वेगळी खोली, तीन तासांच्या पेपरला तासभर जादा आणि उत्तरं लिहायला लेखनिक, एवढं तिला मिळायचं. त्या खोलीवर पर्यवेक्षक बहुतेक वेळा मीच असे.

ती निघोज्याची, जुन्या शेतकरी घरातली. बोलणं रोखठोक. "स्वल्पविराम द्या" हेसुद्धा मुकादमानं काम सांगावं तसं सांगायची. कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत यायची आणि वर मलाच विचारायची, "आज उशीर का केला, सर?"

लेखनिक काकू चिखलीच्या. शिक्षण बारावी, स्वभाव लोण्याहून मऊ. वर्षभर दुपारी तिला पुस्तकं वाचून दाखवायच्या. तुम्ही दोघींना पाहिलं असतं तर मायलेकीच समजला असता.

शेवटच्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर होता. तो सुटला तरच पदवी, आणि पदवी असेल तरच बँकेच्या परीक्षेला बसता येणार. घरचे शिकवून दमले होते. मधेच एका प्रश्नावर ती अडली. कपाळाला बोटं लावून गप्प बसली. मी खिडकीतून रस्त्यावरचे कंटेनर बघत होतो.

"काकू, मी गप्प हाय. मग पेन कुणाचं चालतंय?"

मी गर्रकन वळलो. काकूंचा चेहरा पांढराफटक. उत्तरपत्रिकेचं अर्धं पान भरलेलं, आणि सगळं बरोबर.

"अगं, काल दुपारी तूच नाही का हे घडाघडा म्हणून दाखवलंस?" काकू रडवेल्या झाल्या.

"काल आलं व्हतं. आज न्हाई आलं. खोडा."

मी हादरलो. इतकी वर्षं पोरं कॉपी लपवताना पाहिली, आयतं आलेलं उत्तर खोडायला लावणारं कुणी पाहिलं नव्हतं. 'अगं, पदवी जाईल' हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसून ते बोलणार कसं? काकू एकेक ओळ खोडत होत्या, आणि ती शेवटच्या रेघेपर्यंत कान देऊन ऐकत होती.

ती थोडक्या गुणांनी नापास झाली. मला तिचा राग आला, खरं सांगतो. इतकं सोवळं कशाला, असं स्टाफरूममध्येही सगळे म्हणाले. घरच्यांनी कशीबशी आणखी एक संधी दिली.

फेरपरीक्षेसाठी मी दुसरी लेखनिक शोधून ठेवली होती.

"नको सर. काकूच पायजेत."

"अगं, मागच्या वेळी एवढं होऊनही?"

"मागच्या येळी त्यांनी माझं ऐकलं न्हाई. आता ऐकतील."

ती काठावर पास झाली. पुढं बँकेत लागली, नोकरीनिमित्त लांब गेली. भेट होत नाही. पण ती फेरपरीक्षा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशीही शेवटच्या एका प्रश्नावर ती अडली. काकूंनी पेन बाकावर ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. घंटा होईपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.